मधल्या काळात विचारत सुटू नका

जुनी नोकरी सुटली आहे आणि नवी अजून हाती नाही. किंवा शिक्षण संपलंय आणि पुढचं पत्र यायचंय. किंवा घर, नातं, शहर यातलं काहीतरी हलतंय. या मधल्या, अधांतरी काळाबद्दल लिहितेय. मी स्वतः क्षेत्र बदललं त्याला फार दिवस झालेले नाहीत. अजूनही अनोळखी नावाचा ईमेल दिसला की पोटात गोळा येतो, तेव्हा 'यातून मी कशी तरले' असा थाट इथे सापडणार नाही.

वेळेवर झोपा, रोज चाला, काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ते करा. फक्त कॉफीकडे लक्ष ठेवा. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री अंथरुणात पडल्यावर धडधडतंय ते संध्याकाळच्या कॉफीने की काळजीने, हे ओळखू येत नाही.

बदल मनासारखा असला तरी धाकधूक होते, आणि त्यात नाटकीपणा काही नाही. होम्स आणि राही या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांची ताणाप्रमाणे यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, तर लग्नाला 50 आणि कामाचं क्षेत्र बदलण्याला 36. मोठं वैयक्तिक यश मिळालं तरी 28! म्हणून 'हवं ते मिळालंय, मग रडतेस कशाला' म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा. (स्वतःच्या गुणांची बेरीज करत मात्र बसू नका. ती पत्रिका नाही.)

आता मुद्द्याचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा एक प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दगड दिसायचे आणि दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला तर हाताला विजेचा झटका, दुखेल असा. लोकांचा ताण सर्वात जास्त कधी होता? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. वाईट बातमी एकवेळ पचते. 'कळवू' पचत नाही.

म्हणूनच मन काहीही करून खात्री मिळवायला धावतं. त्यातूनच ते जाळं तयार होतं, ज्यात मी पुरती अडकले होते: विचारत सुटणं.

दिसायला ती चौकशीच दिसते, म्हणून पटकन कळत नाही. जुन्या सहकाऱ्याला फोन केला, 'होईल ना रे माझं?' तो म्हणाला, 'होईल गं, तुझं नाही तर कोणाचं!' तासभर बरं वाटलं. मग मनात आलं, याला या क्षेत्रातलं काय कळतं? म्हणून क्षेत्रातल्या एकीला विचारलं. ती म्हणाली, 'सध्या भरती मंदावलीय.' झालं! आता तिचं वाक्य खोडून काढायला तिसरा माणूस हवा. त्याने दिलासा दिला, पण आवाजात जरा चाचरला का? मग अर्जाची स्थिती पुन्हा एकदा उघडून पाहायची. मग ईमेलचा स्पॅम फोल्डर.

यात नेमकं काय बिघडतं ते सावकाश सांगते, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर सुटकेचा श्वास येतो तो खरा असतो. पण मेंदू त्यातून भलतंच शिकतो: विचारलं म्हणून वाचलो. न विचारताही ती घालमेल ओसरली असती, हे त्याला कधी पाहायलाच मिळत नाही. पुढच्या वेळी भीती लवकर उठते आणि तेवढ्याच दिलाशाने भागत नाही. मानसोपचारात याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ पॉल सालकोव्हस्किस यांनी ही यंत्रणा 1991 मध्ये नीट मांडली. माणसं निदान कंटाळायची, फोन उचलणं बंद करायची. आता चॅटबॉट आहेत, ते कंटाळतच नाहीत. पहाटे तीन वाजता तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी तितक्याच प्रेमाने उत्तर देतात. मला ते या कामासाठी धोक्याचे वाटतात.

मग चौकशी करूच नये? करा ना, भरपूर करा. विचारण्याआधी फक्त दोन गोष्टी तपासा. उत्तर मिळाल्यावर उद्याच्या माझ्या कामात काही बदलणार आहे का? आणि हाच प्रश्न मी आधी कोणाला विचारलाय का? 'नोटीस पिरियड पूर्ण केला नाही तर किती पैसे कापतील' ही चौकशी. करारात बघा, एचआरला विचारा, संपलं. 'मी घेतला तो निर्णय बरोबर आहे ना' याचं उत्तर आज जगात कोणाकडेच नाही. ते मागितलं की समोरचा फक्त तुमचा चेहरा बघून बोलतो.

विचारणं थांबवलं की सुरुवातीला त्रास वाढतो. फार वाढतो, हे स्पष्ट सांगते. फोन हातात घेऊन बसाल, नंबर काढाल. ती लाट चढते तशी उतरतेही, आणि ती उतरताना एकदा पाहिली की पुढची थोडी सोपी जाते. घरच्यांशी आधीच ठरवून ठेवा: मी 'होईल ना' विचारलं की 'होईल' म्हणू नका, 'माहीत नाही, पण मी आहे इथे' म्हणा. ऐकायला कोरडं वाटतं. आधार मात्र त्याचाच होतो.

काळजीला वेळ ठरवून देणं हा उपाय मला आधी थट्टेचा वाटला होता. मानसशास्त्रज्ञ बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी तो 1983 मध्येच तपासला होता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची. एरवी विचार आला की दोन शब्दांत कागदावर टिपून त्या वेळेवर ढकलायचा. झोपायच्या आधीची वेळ घेऊ नका आणि ती जागा अंथरूण नसू दे.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. वीस वर्षांपूर्वी उडी मारून यशस्वी झालेल्या माणसाला त्या काळातली भीती आठवत नाही, शेवट तेवढा आठवतो. तुमच्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी पुढे असलेलं कोणी शोधा. आणि पैसे घेऊन 'हमखास रोडमॅप' विकणारे तुमची हीच खात्रीची भूक विकत असतात. तीच भूक पहिली आलेली वाईट ऑफरही घ्यायला लावते. एक रात्र जाऊ दिल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका.

हे सगळं करूनही झोप उडालेली असेल, काम होत नसेल, तर स्वतःशी झुंजत बसू नका, डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चिंता किती आहे हे मोजणारी जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. 21 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर भेट पुढे ढकलू नका. रोज ती भरू मात्र नका, तेही विचारत सुटणंच झालं. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर 'पॅनिक असेल' असं घरीच ठरवू नका, लगेच दवाखाना गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या, जवळच्या माणसाला सोबत घेऊन.

आणि हो, उत्तर आलं की सगळं शांत होईल असं धरून चालू नका. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात 'माझं काम ठीक चाललंय ना' असं विचारावंसं वाटेल. त्याऐवजी वरिष्ठांना विचारा, 'पुढच्या महिन्याअखेर माझ्याकडून नेमकं काय हवंय?' याचं उत्तर त्यांच्याकडे असतं, आणि ते लिहून घेता येतं.