रॅले फेडिंगमध्ये बिट-त्रुटीदर कसा काढावा

मोबाइलपर्यंत सिग्नल इमारतींवरून, झाडांवरून परावर्तित होत अनेक वाटांनी पोहोचतो आणि थेट वाट नसेल, तर त्याचा आयाम, म्हणजे लहरीची उंची, बहुधा रॅले वितरणानुसार बदलतो; यालाच रॅले फेडिंग म्हणतात. अशा चॅनेलवर बीपीएसकेचा, म्हणजे ० आणि १ हे बिट एकाच लहरीच्या दोन विरुद्ध कलांनी (फेजनी) पाठवण्याच्या पद्धतीचा, सरासरी बिट-त्रुटीदर (चुकलेल्या बिटांचे प्रमाण) काढण्यासाठी सरासरी सिग्नल-गोंगाट गुणोत्तराला त्याच्याहून एकने मोठ्या संख्येने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ १ मधून वजा करावे आणि उरलेल्याचे निम्मे करावे. १० डेसिबलला, म्हणजे गुणोत्तर १० असताना, उत्तर सुमारे ०.०२३ येते, फेडिंग नसते, तर दहा लाख बिटांमागे जेमतेम चार चुका झाल्या असत्या.

मग संगणकावर पडताळा घ्यावा. प्रत्येक बिटासाठी चॅनेलचा गुणक दोन स्वतंत्र, शून्य सरासरीच्या गाउसीय संख्यांपासून बनवावा, एक वास्तव भाग आणि दुसरी काल्पनिक, आणि प्रत्येकीचे प्रचरण (व्हेरियन्स) ०.५ ठेवावे. नेमकी येथेच चूक होते: मी एकदा ते १ ठेवले, आलेख तीन डेसिबल डावीकडे सरकला आणि मी अर्धा दिवस गोंगाटाच्याच ओळी तपासत बसलो. ग्राहीला (रिसीव्हरला) चॅनेल ज्ञात आहे असे धरून चॅनेलने फिरवलेली कला दुरुस्त करावी आणि वास्तव भागाच्या चिन्हावरून बिट ठरवावा. निदान १०० चुका मोजून होईपर्यंत थांबू नये, कारण तेव्हा कुठे अंदाजाची प्रमाण त्रुटी १० टक्क्यांवर येते.

२० डेसिबलला, म्हणजे गुणोत्तर १०० असताना, दर सुमारे ०.००२५ मिळायला हवा. तो त्याहून बराच कमी आला, तर प्रचरण पुन्हा पाहावे.