सेकंड हँड स्पोर्टी कूपे रोज वापरायची आहे? मराठवाड्यात या चुका टाळा

दहा-बारा वर्षांची ऑडी टीटी किंवा मर्सिडीज एसएलके आज नव्या मध्यम एसयूव्हीच्या आसपासच्या किमतीत मिळते. गाडीचा भाव उतरतो, पण तिच्या हेडलाइटचा, शॉकअपचा, गिअरबॉक्सचा भाव उतरत नाही. जुनी कूपे, म्हणजे दोन दारांची बसकी गाडी, घेताना होणाऱ्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या, त्यामुळे भारी गाड्यांचं अप्रूप इथे उरलेलं नाही. शौक म्हणून रविवारी काढायची गाडी आणि रोज बीड बायपासवरून कामाला न्यायची गाडी, यांची पारख मात्र वेगळी असते.

गाडीची उंची कागदावर बघणे

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. दोन माणसं, भरलेली टाकी आणि डिकीत सामान ठेवून, सपाट जागी, सगळ्यात खाली लोंबणाऱ्या भागापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. स्प्रिंगा जुन्या झाल्या असतील किंवा आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या असतील, तर दीड-दोन सेंटिमीटर आधीच गेलेले असतात.

मग स्पीडब्रेकरचा हिशोब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची वक्रता १७ मीटर त्रिज्येची. दोन्ही चाकं त्यावर असताना अडीच मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीच्या पोटाला त्यातले जेमतेम ४.६ सेंटिमीटर लागतात. फोर्ड मस्टँगचा व्हीलबेस २.७२ मीटर, तिला साधारण ५.४. म्हणजे प्रमाणातल्या गतिरोधकावर दोन्ही गाड्या सुखरूप जातात. घात होतो तो गावाच्या वेशीवर रातोरात टाकलेल्या, मीटरभर रुंदीच्या आणि वीतभर उंचीच्या सिमेंटच्या उंचवट्यावर. तो आपली पूर्ण उंची पोटाला लावतो आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, फुटतो. असा उंचवटा तिरपा घ्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. खालून आवाज झाला आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुढच्या टपरीपर्यंत जाऊ असं म्हणू नका. तिथेच इंजिन बंद करा. ऑइलशिवाय मिनिटभर चाललेल्या इंजिनाच्या बेअरिंगांचा भरवसा उरत नाही.

सौदा ठरवण्याआधी गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवा. इंजिनाखालची प्लॅस्टिकची ताटली जागेवर आहे का, चेंबरवर ओरखडे किंवा वेल्डिंग आहे का, एक्झॉस्टचा पाइप चेपला आहे का, हे बघा. ताटली नसेल तर खालची धूळ आणि चिखल थेट बेल्ट-पुलीवर जातो. अनेक गॅरेजांत ऑइल बदलताना ती काढतात आणि क्लिपा तुटल्या की परत बसवतच नाहीत.

मोठी चाकं तशीच ठेवणे

१९ इंची चाकं फोटोत उठून दिसतात. पण २५५/३५ आर१९ टायरची बाजू फक्त ८.९ सेंटिमीटर उंच असते. खड्ड्याच्या काठावर ती चेपते, आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. सोबत रिमही वाकतं.

दुसऱ्या पिढीच्या टीटीला कंपनीने २४५/४० आर१८ आणि २४५/४५ आर१७ हेही माप दिलं होतं. १७ इंची चाकाला टायरची बाजू ११ सेंटिमीटर होते, शिवाय चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहत असल्याने स्पीडोमीटर चुकत नाही. रोज वापरायची असेल तर १७ इंचाचा सेट घ्याच. फक्त रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून जातं का, हे बसवून बघा.

टायरवरची चार आकडी तारीख वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून सहा-सात वर्षांचा टायर चांगला ठरत नाही, कारण उन्हाने रबर कडक होतं. समृद्धी महामार्गावर मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने असा टायर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हवा गाडी थंड असताना मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच भरा. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर असतात आणि स्टेपनी नसते. साधे टायर टाकले असतील तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप गाडीत आहे का, ते विचारा.

बॅज बघून घेणे, इंजिनाचं घराणं न बघणे

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. बॉनेटखाली नेमकं कोणतं इंजिन आहे ते आधी शोधा, मग रंग आणि सनरूफ.

दुसऱ्या पिढीच्या टीटीत दोन वेगळी २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनं आली. सुरुवातीचं ईए११३ टायमिंग बेल्टवर चालतं. त्यात हाय प्रेशर फ्युएल पंपाखाली वाटीसारखा एक छोटा कॅम फॉलोअर असतो. तो झिजून भोक पडलं की पंपाचा दांडा थेट कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खातो. पार्ट स्वस्त, तपासायला अर्धा-पाऊण तास, आणि दुर्लक्ष केलं तर कॅमशाफ्टच बदलावा लागतो. दर २५-३० हजार किलोमीटरला तो उघडून बघायचा. नंतरचं ईए८८८ चेनवर आहे. त्याच्या २०१२ च्या आसपासपर्यंतच्या इंजिनांत चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची जुनी बनावट होती. ती सटकली की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टायमिंग कव्हरवरचं रबरी बूच काढून टेन्शनर नवा आहे की जुना, हे जाणकार मिस्त्री सांगू शकतो. याच इंजिनाच्या काही वर्षांच्या गाड्या ऑइल पितात. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जात असेल तर पिस्टन रिंगांचं काम समोर आहे असं धरून भाव करा. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटची प्लॅस्टिकची बॉडी गळणं हेही इथलं ठरलेलं दुखणं.

बीएमडब्ल्यू झेड४ ३५आयमध्ये दोन टर्बोंचं सहा सिलिंडर इंजिन आहे. चालवायला फार सुंदर. पण त्याचा वॉटर पंप विजेवर चालतो आणि जाताना बहुधा पूर्वसूचना देत नाही. हाय प्रेशर पंप, इंजेक्टर आणि टर्बोच्या वेस्टगेटची (जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) खडखड हे खर्चाचे बाकीचे धनी. मर्सिडीजच्या १.८ लिटर एम२७१ इंजिनात चेन ताणली जाते आणि कॅमच्या गिअरचे दात झिजतात. मस्टँगचा ५.० लिटर व्ही८ या सगळ्यांत साधा, टर्बोच नाही. मात्र ती १.९ मीटरहून रुंद आहे, जुन्या शहराच्या गल्लीत तिचं लांब दार उघडायला जागा लागते आणि पेट्रोलचा खर्च रोज सोसावा लागतो.

मराठवाड्यात टीटीचा एक मोठा फायदा आहे. तिचं इंजिन सुपर्ब, ऑक्टाव्हिया, ए४ यांच्याच कुळातलं, आणि डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स स्कोडांच्या कुळातला. स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या शेंद्र्यात जोडल्या जात असल्याने या इंजिनांवर हात बसलेले कारागीर संभाजीनगरात भेटतात. प्लग, कॉइल, फिल्टर, वॉटर पंप सहज मिळतात. काच, दार, बंपर, हेडलाइट मात्र फक्त टीटीचेच, आणि टीटी पूर्ण आयात होऊन आलेली. म्हणून टीटी घेताना इंजिनाइतकंच बॉडीच्या अखंडपणाकडे बघा. ठोकलेली टीटी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

डीएसजीतही फरक आहे. सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स दर ६० हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला की टिकतो. या सर्व्हिसची पावती नसेल तर ती झालीच नाही असं समजा. सात गिअरचा कोरड्या क्लचचा, पोलो जीटीआयमध्ये आहे तो, उन्हात रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. त्याची मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) बिघडली की बिल डोळे पांढरे करतं. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या टीटीत, मागच्या चाकांना जोडणाऱ्या हॅल्डेक्स युनिटचं ऑइल साधारण तीन वर्षांनी बदलायचं असतं. त्याच्या पंपाची जाळी तुंबली की मागची चाकं कामच करत नाहीत आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

गरम इंजिनावर टेस्ट ड्राइव्ह घेणे

विकणाऱ्याला आधीच सांगा: रात्रभर उभी असलेली गाडी मीच चालू करणार. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेनची खडखड ऐकू येते, नंतर ऑइलचा दाब वाढून ती लपते.

मग पुढे: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवरून पाय उचलत १० मिनिटं मुंगीच्या पावलाने चालवा, क्लच थरथरतो का बघा. चढावर रिव्हर्स घ्या. ६० ते ८० च्या दरम्यान चाकातून घूं असा वाढता आवाज आला तर बेअरिंग गेलेलं असू शकतं. एसी लावून १५ मिनिटं जागेवर उभी ठेवा, तापमानाचा काटा मधून हलता कामा नये. परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, म्हणून जानेवारीत गाडी बघत असाल तर ही चाचणी दुपारीच घ्या.

स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. फोक्सवॅगन घराण्याला (ऑडी, स्कोडा त्यातल्याच) व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन चालतं. एरर नाही एवढ्यावर समाधान मानू नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) अपूर्ण दिसत असतील तर कोणीतरी नुकतेच एरर पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. मीटरवरचं रनिंग आणि इतर कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेलं रनिंग जुळतं का, तेही तिथेच कळतं.

पेंटची जाडी मोजायचं यंत्र साधारण ९० ते १५० मायक्रॉन दाखवत असेल तर रंग कंपनीचा. २५० च्या वर दुसऱ्यांदा रंग, ५०० च्या पुढे खाली पुट्टी. पुराच्या पाण्यातून आलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथे राहते. कूपेच्या बिनचौकटीच्या काचा दार उघडताना बोटभर खाली सरकल्या पाहिजेत. सरकत नसतील तर रबर फाटतं आणि धूळ व पावसाचं पाणी आत येतं.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. टॉपअप म्हणून तेच ओतलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटर कोअरमध्ये क्षार बसतात, मग उन्हाळ्यात गाडी तापते आणि लोक थर्मोस्टॅटला दोष देतात. इंजिन थंड असताना टाकीचं झाकण उघडा. कूलंट स्वच्छ रंगीत हवं, तांबूस गढूळ नको. गाडी घेतल्यावर सिस्टिम धुवून कंपनीच्या प्रतीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

पेट्रोलचंही तसंच. झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. या टर्बो इंजिनांना ९५ ऑक्टेन लागतं, साध्या पेट्रोलचं पूर्वी ९१ असायचं. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा फ्युएल पाइप आणि रबरी सील तपासा आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नका.

कागद शेवटी बघणे

वाहन पोर्टलवर आरसी, बँकेचा बोजा, ई-चलन आणि ब्लॅकलिस्ट आधी बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीत जुन्या गाड्यांवरच्या बंधनांमुळे तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. पण फॉर्म २८ चं ना-हरकत, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच-२० किंवा एमएच-२४ पासिंगचा खर्च मिळवला की फरक आटतो. आयात गाडीचा आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीचा टॅक्सचा दर जास्त असतो, तो आरटीओत विचारूनच भाव ठरवा. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुमच्याकडे येत नाही.

सगळे पैसे गाडीतच घालणे

खरेदीच्या किमतीच्या किमान १५-२० टक्के रक्कम बाजूला ठेवा. पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, कूलंट हे सगळं बदलून तारीख लिहून ठेवा. तेवढी रक्कम उरत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या.

लातूर, नांदेड, हिंगोलीत राहत असाल तर बिघाड झाल्यावर गाडी जाणार कुठे, हे आत्ताच ठरवा: संभाजीनगर, पुणे की हैदराबाद. टोचन करून ओढू देऊ नका. क्वाट्रो गाडीची पुढची चाकं उचलून मागची जमिनीवर फिरवली तर हॅल्डेक्स आणि गिअरबॉक्स दोन्ही जाऊ शकतात. गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या फ्लॅटबेडवाल्याचा नंबर फोनमध्ये आणि विम्यात रोडसाइड असिस्टन्स हवाच. सुगीत रस्त्यावर मळणीसाठी तूर-सोयाबीनचं काड पसरलेलं असतं. ते खाली एक्झॉस्टला अडकतं आणि तापून पेट घेऊ शकतं. शक्यतो गाडी कडेने काढा, आणि वरून जावंच लागलं तर पुढच्या मोकळ्या जागी थांबून वाकून बघा, अडकलेलं काड काठीने ओढून काढा.