अँग्लो-सॅक्सन आणि केल्टिक राज्यांचा इतिहास वाचताय? मग या चुका टाळा

साधारण 410 च्या सुमाराला ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं तिथे जी काही मारामारी चालली, ती वाचायला घेतली की लोक दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटतात. मीही दोनदा मिटलंय. नंतर कळलं की गोंधळ बऱ्यापैकी आपल्याच डोक्यात असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इकडे इंग्रज (म्हणजे आजच्या जर्मनी-डेन्मार्ककडून आलेले अँग्लो-सॅक्सन), तिकडे केल्ट (आधीपासूनचे वेल्श, स्कॉटलंडच्या उत्तरेचे पिक्ट आणि आयरिश वळणाचे गेलिक लोक) अशी सरळसोट मॅच समजणं. तसं नव्हतंच ते, ती भाऊबंदकी होती राव. नॉर्थम्ब्रियाचंच बघा, हे उत्तरेकडचं अँग्लो-सॅक्सन राज्य दोन तुकड्यांचं, उत्तरेला बर्निशिया आणि दक्षिणेला डेइरा. बर्निशियाच्या एथेलफ्रिथने डेइरा गिळलं, तिथल्या एडविनची बहीण आखा हिच्याशी लग्न केलं आणि एडविनला पळवून लावलं. एडविन फिरत फिरत पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्डकडे आसऱ्याला गेला, तर एथेलफ्रिथने तिथेही पैसे आणि धमक्या पाठवल्या की याला मारून टाक, रेडवाल्ड जवळजवळ तयारही झाला होता पण बायकोने सुनावलं की पाहुण्याला विकणं राजाला शोभत नाही. मग 616 मधे आयडल नदीवर रेडवाल्डनेच एथेलफ्रिथला मारलं, त्यात रेडवाल्डचा स्वतःचा मुलगाही गेला, आणि एडविन राजा झाला. आता एथेलफ्रिथची पोरं परांगदा, त्यातला ऑस्वाल्ड वाढला आयर्लंडकडच्या गेलिक लोकांच्या दाल रियाटा राज्यात. म्हणजे मामा गादीवर आणि भाचा परमुलखात.

पुढे एडविनला मारलं कोणी? वेल्समधल्या ग्विनेदचा ख्रिश्चन राजा कॅडवॉलन आणि इंग्लंडच्या मध्यातल्या मर्सियाचा पेंडा यांनी मिळून. पेंडा अँग्लो-सॅक्सन, वर जुन्या देवांना मानणारा. एडविन आणि कॅडवॉलन दोघंही ख्रिश्चन, तरी एकमेकांच्या जिवावर उठलेले. म्हणून धर्मावरून किंवा भाषेवरून बाजू ठरवायला गेलात की फसलात.

यावर माझा उपाय साधा आहे, कागदावर वंशावळ काढा आणि त्यात बायकांची नावं गाळू नका. नुसते राजे लिहिले तर काहीच लागत नाही. ऑस्वाल्डचा भाऊ ऑस्विउ पुढे नॉर्थम्ब्रियाचा राजा झाला, त्याची मुलगी पेंडाच्या मुलाला दिलेली आणि पेंडाची मुलगी ऑस्विउच्या मुलाला, तरी 655 मधे विनवेडच्या लढाईत हे व्याही समोरासमोर, आणि ऑस्वाल्डचा मुलगा चक्क काकाच्या विरुद्ध पेंडाला वाट दाखवायला आला, पण ऐन वेळी बाजूला होऊन निकालाची वाट बघत बसला! पेंडा तिथेच पडला. ग्विनेदचा राजा कॅडाफाएल तर रात्रीच सैन्य घेऊन निघून गेला होता, त्यावरून वेल्श लोकांनी त्याला 'लढाई टाळणारा' असं नावच पाडलं.

नावांचा घोळ वेगळाच. ऑस्वाल्ड, ऑस्विउ, ऑस्विन हे तीन वेगळे आणि त्यातल्या ऑस्विउने डेइराचा राजा ऑस्विनला 651 मधे मारवलं. कॅडवॉलन, त्याचा मुलगा कॅडवालाडर आणि दक्षिणेकडच्या वेसेक्सचा केडवाला हेही तीन वेगळे. केडवाला सॅक्सन राजा असून नाव ब्रिटिश, म्हणजे वेल्शसारख्या केल्टिक वळणाचं, तो 689 मधे रोममधे वारला. आणि जुन्या लॅटिन मजकुरात 'स्कॉटी' दिसलं की स्कॉटलंडचे लोक समजू नका, तेव्हा त्याचा अर्थ आयरिश असा होता.

नकाशाबद्दल थोडक्यात. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडच्या सात राज्यांचा तो नेहमीचा रंगीत नकाशा भिंतीला छान दिसतो, पण सातच राज्यं असा काळ नीट दाखवता येत नाही. छोटी राज्यं येत होती, जात होती, मोठ्यांच्या पोटात जात होती, आणि वेल्श, पिक्ट, गेलिक राज्यं तर त्या सातात मोजलेलीच नाहीत. 685 मधे नॉर्थम्ब्रियाच्या एग्फ्रिथला मारलं ते पिक्ट लोकांनी, नकाशा सातांचाच धरला तर ही लढाई बसवणार कुठे?

आता बीड (Bede) हा इतिहासकार. जॅरोच्या या मठवासी संन्याशाचा इतिहास 731 चा, त्याच्याशिवाय यातलं निम्मं कळलंच नसतं, पण तो स्वतः नॉर्थम्ब्रियाचा आहे हे विसरू नका. एथेलफ्रिथ आणि वेल्श यांच्यातल्या चेस्टरच्या लढाईआधी प्रार्थना करणारे वेल्श साधू मारले गेले, तो आकडा सुमारे 1200 देतो आणि वर ही देवाची शिक्षाच असं सुचवतो. वर्चस्व गाजवणाऱ्या सात राजांची यादी देतो त्यात मर्सियाचा एकही नाही, आणि ज्या कॅडवॉलनला तो राक्षस ठरवतो त्याचे वेल्श कवी पोवाडे गातात. त्यामुळे बीड वाचा, पण दुसऱ्या पक्षाचा वकील हजर नाहीये हे धरून वाचा.

शेवटची किरकोळ पण त्रास देणारी गोष्ट, एडविनच्या मृत्यूचं साल कुठे 632 दिसेल, कुठे 633. बीडचं वर्ष नक्की कधीपासून सुरू होतं यावरून अभ्यासकांत मतभेद आहेत म्हणून हा फरक. कुठलंही एक धरा पण मधेच बदलू नका, नाहीतर एडविन तुमच्या वहीत दोनदा मरतो.