‘माझं मी’साठी दहा मिनिटं काढा

माझा नातू अडीच वर्षांचा. नौपाड्यातल्या आमच्या घरात सकाळी सारखं ऐकू येतं, "माझं मी!" सुनेला लोकल गाठायची असते आणि हा दारात बसून डावी सँडल उजव्या पायात घालत असतो. हात शिवशिवतात. तरी आपण घालून द्यायची नाही.

आधी वेळ काढा. आम्ही सगळी तयारी दहा मिनिटं अलीकडे आणली. बकलाच्या सँडल बदलून वेल्क्रोच्या घेतल्या. माशाचं एक स्टिकर मधोमध कापून अर्धं एकीत, अर्धं दुसरीत आतून चिकटवलं. मासा जुळला की पाय बरोबर. सुरुवातीला पाय मी सरकवायचे, पट्टा दाबायचा त्याने. पँटही गुडघ्यापर्यंत मी, वरची ओढ त्याची. शेवटचा टप्पा मुलाकडे ठेवा, म्हणजे काम त्याने पुरं केलेलं असतं. मग एकेक पायरी सोडत आपण मागे सरायचं.

"काय घालायचं?" असं मोघम विचारू नका. "निळा की पिवळा?" एवढं पुरे. जिथे पर्याय नाही तिथे विचारूच नका. गोखले रोडवर हात धरायचाच. कुठला, ते मात्र तो ठरवतो.

आणि "शेम शेम" हा शब्द घरातून काढून टाका. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी १९५० साली मांडलेल्या माणसाच्या मानसिक वाढीच्या टप्प्यांत, साधारण दीड ते तीन वर्षांच्या वयात, एकीकडे स्वायत्तता आणि दुसरीकडे लाज व स्वतःबद्दलची शंका अशी ओढाताण आहे. हे मला माहीत होतं. तरीही गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये त्याची चड्डी ओली झाली आणि शेजाऱ्यांसमोर माझ्या तोंडून तेच निघालं. पुढे आठवडाभर शी-शू लागली की तो पडद्यामागे जाऊन उभा राहायचा, सांगायचा नाही. शेवटी जवळ बसून म्हटलं, "आजी चुकली रे." मग त्याच्यासाठी एक छोटं फडकं खालच्या कप्प्यात ठेवलं, त्याच्या हाताला लागेल असं. ओलं झालं की रागवायचं नाही, दोघांनी मिळून पुसायचं.

काल दूध सांडलं, तेव्हा न सांगता तो फडकं घेऊन आला. पुसताना दूध आणखी पसरलं. मी दुसरं फडकं घेऊन वाकले तर म्हणाला, "आजी, तू तिकडचं पूस."