सळईचं वजन: काट्याआधी हिशेब
कळंबोलीच्या पोलाद बाजारातून मुंबईतल्या साइटवर माल उतरला की चलानावरचा आकडा बाजूला ठेवा, आधी सळ्या मोजा. व्यासाचा मिमीमध्ये वर्ग करून १६२ ने भागा. मीटरमागे किलो मिळतात. १२ मिमीला १४४ ÷ १६२ = ०.८८९. बारा मीटरची सळई १०.६७ किलो, अशा ४० सळ्या ४२७ किलो.

काट्यावर कमी भरलं? कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) लावू नका, तो सळईवरच्या उंचवट्यांवर बसतो आणि व्यास फुगवून दाखवतो. बरोबर एक मीटरचा तुकडा कापा, गंज वायर ब्रशने काढा (पावसाळ्यात तो असतोच) आणि तोला. आयएस १७८६ या सळ्यांच्या भारतीय मानकानुसार १२ मिमीच्या लॉटला ५ टक्के फरक चालतो, म्हणजे सरासरी ८४४ ग्रॅमपर्यंत.

फॅब्रिकेशनच्या चौरस बारला १६२ चालत नाही: बाजू × बाजू × ०.००७८५. २० मिमीला मीटरमागे ३.१४ किलो.