विंडोज ११ ची चाचणी आवृत्ती टाकताना या चुका टाळा

हातात एका बिल्डचा पेनड्राइव्ह आणि मोबाइलवर दुसऱ्याच बिल्डचा व्हिडिओ. इनसायडर बिल्ड, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चाचणी कार्यक्रमातली क्रमांक दिलेली आवृत्ती, टाकताना होणाऱ्या बहुतेक घोळांचं मूळ इथेच असतं. 'विंडोज ११' हे नाव २०२१ पासून तेच असलं तरी विंडोज टाकण्याची रीत त्या नावाखाली पुन्हा पुन्हा बदलत आली आहे. त्यामुळे कुठलीही युक्ती वापरण्याआधी ती कोणत्या बिल्डसाठी सांगितली आहे ते बघा. नुसत्या नावावर जाऊ नका.

घाईत मिळेल ती फाइल घेणे

विंडोज ११ ची घोषणा २४ जून २०२१ ला झाली आणि २८ जूनला पहिला चाचणी बिल्ड आला, २२०००.५१. तो फक्त विंडोज अपडेटमधून मिळायचा. अधिकृत आयएसओ (पेनड्राइव्ह बनवायला लागणारी विंडोजची पूर्ण फाइल) आली थेट १९ ऑगस्टला, बिल्ड २२०००.१३२ ची. मधल्या काळात ज्यांना धीर धरवला नाही ते इंटरनेटवर शोधत फिरले, आणि त्यांच्यासाठी सापळे तयारच होते. अँटीव्हायरस बनवणाऱ्या कॅस्परस्की कंपनीने तेव्हा अशी एक फाइल उघडकीला आणली होती. नावात बिल्ड २१९९६.१ आणि सोबत 'अ‍ॅक्टिव्हेटर', आकार १.७५ जीबी. आकार खरा वाटावा म्हणून आत निरुपयोगी भरताड कोंबलेली आणि चालवली की भलतेच प्रोग्रॅम मशीनमध्ये शिरायचे. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या इनसायडर पानावरूनच घ्या. ती ताज्या बिल्डपेक्षा थोडी जुनी असू शकते, पण टाकल्यावर अपडेट करून पुढे जाता येतं. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलच्या (पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नादी लागू नका, ते चाचणी बिल्ड देत नाही.

जुन्या युक्तीवर विसंबणे

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते लोकल अकाउंटपाशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन अकाउंटशिवाय फक्त त्या मशीनपुरतं असलेल्या खात्यापाशी. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिल्ड २२५५७ पासून होमप्रमाणेच प्रो आवृत्तीलाही पहिल्या सेटअपमध्ये इंटरनेट आणि वैयक्तिक वापरासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागू लागलं. मग शिफ्ट आणि एफ१० दाबून 'बायपास-एनआरओ' (bypassnro) टाइप करून इंटरनेटची अट चुकवायची युक्ती घरोघरी पोहोचली. मार्च २०२५ मध्ये डेव्ह चॅनलच्या (चाचणी बिल्ड कॅनरी, डेव्ह, बीटा अशा चॅनलांतून येतात, कॅनरी सगळ्यात कच्चा) २६२००.५५१६ मधून ती स्क्रिप्टच काढली गेली. लोकांनी 'लोकल-ओन्ली'ची दुसरी आज्ञा शोधली, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये २६२२०.६७७२ ने तीही बंद केली. म्हणजे व्हिडिओत चालणारी आज्ञा तुमच्याकडे चालत नसेल तर तुमचं स्पेलिंग चुकलेलं नाही. तीच आज्ञा दहादा टाइप करत बसू नका.

अशा बिल्डवर इंटरनेटची सोय आधीच करून ठेवा. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर नेटवर्क दिसतच नाही आणि सेटअप तिथेच थांबतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होतं. दुसरा उपाय म्हणजे वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये ठेवणे, कारण नव्या सेटअपमध्ये त्याच पडद्यावर ड्रायव्हर टाकायची सोय आहे.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने शिरलं की सी ड्राइव्हवरच्या युजर फोल्डरला ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरं चिकटतात. अर्धवट तुटलेलं ते नाव नंतर बदलणं फार किचकट. ज्या बिल्डने लोकल-ओन्लीची वाट बंद केली त्यानेच यावर उपाय दिला: साइन-इनच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, 'ओओबीई' फोल्डरमध्ये जा (cd oobe) आणि 'सेट-डिफॉल्ट-युजर-फोल्डर' (SetDefaultUserFolder.cmd) या आज्ञेपुढे हवं ते नाव द्या. साइन-इन झाल्यावर ही संधी गेली.

डिस्कच्या पडद्यावर घाई

जानेवारी २०२४ च्या कॅनरी बिल्ड २६०४० पासून सेटअपचे पडदेच नवे झाले. आता सुरुवातीलाच 'सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे' अशा चौकटीत टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती पाहून काही जण घाबरून मशीन बंद करतात. काही जण मात्र 'सगळंच पुसणार' असं धरून पुढे जो भाग दिसेल तो उडवतात, आणि हे जास्त वाईट. काय पुसायचं ते डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ठरतं. तिथे सी, डी अशी नावं दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक भागाचा आकार आधी कागदावर लिहून ठेवा. जुने पडदे सवयीचे असतील तर आधीच्या सेटअपकडे नेणारी लिंकही त्या टिकच्या पडद्यावरच आहे.

यादीत डिस्कच नाही? एसएसडी मेली असं समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला डिस्क दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो उतरवा, उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून द्या.

रिकव्हरी की न घेता बायोसमध्ये शिरणे

२४एच२ (विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती) पासून नव्याने टाकलेलं विंडोज मायक्रोसॉफ्ट अकाउंटने शिरताच बऱ्याच मशीनवर आपोआप एन्क्रिप्ट होतं, म्हणजे डिस्कला कुलूप लागतं. नंतर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम किंवा सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगला हात लावला की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती अकाउंटमध्ये जमा असते. बायोस उघडण्याआधीच दुसऱ्या फोनवरून ती काढून कागदावर उतरवा. की नसेल तर आतल्या फाइली गेल्याच.

परतीची वाट न पाहता चॅनल निवडणे

कॅनरीमधून डेव्ह किंवा बीटावर यायचं तर फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकावं लागतं. अपडेट करून वर चढलेल्यांना मागे फिरायला साधारण १० दिवस मिळतात, तेही 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर जपला असेल तर. घरात एकच लॅपटॉप असेल आणि त्यावरच मुलांचे फॉर्म, बँक, ऑफिस चालत असेल, तर त्यावर कॅनरी टाकू नका. टाकलाच असेल तर 'विनव्हर' चालवून बघा. चाचणी बिल्डला मुदत असते आणि ती तारीख तिथेच लिहिलेली असते. ती उलटण्याआधी पुढचा बिल्ड घ्या.