चक्कर आली की मान तपासतात, कान राहून जातो: मेनिएरच्या आजारात या चुका टाळा

आत्याला पहिल्यांदा गरगरलं तेव्हा ती देवघरात होती. समोरची समई गोल फिरायला लागली, उलट्या झाल्या, दोन-अडीच तास डोळे उघडता आले नाहीत. घरच्यांनी निदान केलं, पित्त. पुढच्या वेळी बीपी. तिसऱ्यांदा मानेचा एक्स-रे झाला, 'मणक्यात गॅप आहे' असं कळलं आणि गळ्यात पट्टा आला. पन्नाशीनंतर मानेची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. चक्कर येण्याआधी डाव्या कानाला दडा बसतो, आत गिरणी चालल्यासारखी घरघर होते, हे आत्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. दीड वर्षाने एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न कानाचा विचारला.

ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या नलिका आतल्या कानात एकमेकांना जोडलेल्या असतात, आणि एंडोलिम्फ नावाचा द्रव दोन्हींत खेळतो. मेनिएरच्या आजारात तो प्रमाणाबाहेर साठतो. म्हणून तोल आणि ऐकणं दोन्ही बिघडतं. अशा चक्करचं खापर पूर्वी मेंदूवर फुटत असे. 1861 मध्ये पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी दोष कानात असल्याचं मांडलं. आपल्याकडे आजही तो आधी मानेत शोधला जातो, याचं वाईट वाटतं.

सगळ्या चकरा एकाच मापाने मोजणे

डॉक्टरांना 'चक्कर येते' एवढंच सांगू नका. किती वेळ टिकली, ते घड्याळ बघून सांगा. कुशीवर वळताना किंवा वर बघताना काही सेकंद गरगरलं, तर बहुधा कानातले बारीक कण जागा सोडून सरकलेले असतात. मेनिएरची चक्कर 20 मिनिटांपासून 12 तासांपर्यंत चालते आणि सोबत कानाची तक्रार असते. सलग दोन-तीन दिवस गरगरत राहिलं तर तोलाच्या नसेला सूज असू शकते. मायग्रेनचीही चक्कर असते. ती मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही टिकते, म्हणून उजेडाचा त्रास होतो का, डोकं दुखतं का, हेही सांगावं. मोबाइलवर बघून मान वळवण्याचे व्यायाम करणारे पुष्कळ आहेत. ते सरकलेल्या कणांसाठी आहेत. साठलेला द्रव त्यांनी उतरत नाही.

'आता ऐकू येतंय' म्हणून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) टाळणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सुरुवातीच्या काळात ऐकणं कमी होतं आणि परत येतं. आधी जातात ते खालच्या पट्टीतले, जाडसर आवाज. चक्कर ओसरली, कान मोकळा झाला की माणूस म्हणतो, आता कशाला खर्च? पण निदानासाठी चकरेचे किमान दोन झटके, कानाच्या चढउतार होणाऱ्या तक्रारी आणि ऑडिओग्रामवर, म्हणजे या तपासणीच्या आलेखावर, नोंदलेली घट, हे सगळं लागतं. दडा बसलेला असतानाच किंवा झटक्यानंतर लगेच तपासणी करा आणि जुने कागद जपून ठेवा. वर्षागणिक कान कुठे चालला आहे, ते त्यावरूनच कळतं. एकाच कानाचं ऐकणं कमी झालं असेल आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर तो करून घ्यावा. कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे त्यातून बघतात.

चकरेची गोळी महिनोन्महिने घेणे

सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या झटक्यापुरत्या, फार तर काही दिवसांच्या. रोज घेत राहिलं तर बिघडलेल्या तोलाशी जुळवून घ्यायला मेंदूला उशीर होतो, आणि वयस्कर माणसांचे हात थरथरू लागतात, चाल आखडते. आत्याच्या डब्यात ही गोळी वर्षभर होती. बीटाहिस्टिनचं वेगळं आहे. ती बराच काळ देतात, पण 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत झटके कमी करण्यात ती औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. काहींना उपयोग होतो असं डॉक्टर सांगतात. मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. या आजारात झटके आपोआपही महिनोन्महिने थांबतात. त्या काळात जे घेतलं, तेच लागू पडलं असं वाटतं. झटके वारंवार येत राहिले तर पडद्यातून कानात इंजेक्शन देण्यासारखे पुढचे उपाय आहेत, ते विचारा.

मीठ फक्त भाजीतलं कमी करणे

भाजी अळणी आणि ताटात लोणचं, पापड, ठेचा, सुकट, चहाबरोबर खारी, फरसाण! सैंधवही मीठच. दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, ही वरची मर्यादा. मीठ कमी केल्याने झटके थांबतात याचा पुरावा भक्कम नाही, पण त्यात नुकसान नाही आणि बहुतेक तज्ज्ञ ते सुचवतात. बीपी किंवा किडनीची औषधं चालू असतील तर आधी विचारावं.

कानात कोमट तेल, लसणीचं तेल घालू नये. दुखणं पडद्याच्या पलीकडे आहे, तिथे तेल पोचत नाही.

थांबू नये अशी वेळ

चकरेबरोबर तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर मेनिएर असलेल्या माणसालाही तडक दवाखान्यात न्या. हा पक्षाघात असू शकतो. आणि सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान दाखवा. स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता दिवसागणिक घटते. काही मोजक्या रुग्णांना शुद्धीत असतानाच कुणी ढकलल्यासारखं धाडकन पडायला होतं. तसं एकदा जरी झालं, तरी डॉक्टरांशी बोलेपर्यंत गाडी, शिडी आणि पोहणं बंद.

आत्या आता कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते: 'डावा, दडा, 4.10 ते 5.30'. दर वेळी पान फाडून डॉक्टरांकडे नेते, आणि दुधाचा हिशेब मला तोंडी विचारते.